शकुनचा नंबर

शफीकभाई आमच्या अकोल्याच्या सर्वेक्षण कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचे. साल २००७. कर्ता माणूस गेलेल्या घरांची माहिती आमच्या मुली गावोगाव फिरून आणायच्या आणि टाइप करायच्या. टेबलांवर विंडोज, फायली ठेवायचा सर्व्हर लिनक्सचा. त्यामुळे प्रत्येकीचं नाव दोनदा घालावं लागे, एकदा सर्व्हरमध्ये आणि एकदा टेबलावरून फायली उघडू देणाऱ्या शेअरिंगच्या यादीत. एखादी पासवर्ड विसरली की शफीकभाई आठवडाभर टोमणे मारत. मला राग यायचा, पण माणूस कामाला पक्का होता.

मार्चमध्ये अंजनगावच्या रस्त्यावर जीप उलटून त्या मुलींतली शकुन गेली. तिचे कागदी फॉर्मही तिच्याबरोबरच गेले. रोज सकाळी यादीत तिचं नाव बघवेना, म्हणून शफीकभाईंनी ते दोन्हीकडून काढून टाकलं. फायली राहिल्या. पण सर्व्हर फायलीवर नाव लिहीत नाही, नावामागचा नंबर लिहितो. शकुनचा नंबर शेवटचा होता, आणि नव्या नावाला मशीन यादीतल्या शेवटच्या नंबरापुढचा नंबर देतं. तो राखून ठेवायचं भान शफीकभाईंना राहिलं नाही. जूनमध्ये अनीसा नोकरीला लागली आणि मशीनने तोच मोकळा नंबर तिला दिला. शकुनने लिहिलेल्या दोनशे बारा घरांवर अनीसाचं नाव आलं.

तपासणीला अमरावतीहून आलेल्या साहेबांनी नेमकं तेच पकडलं. जूनमध्ये लागलेल्या मुलीने फेब्रुवारीत फॉर्म भरले कसे? सगळे खोटे, फेकून द्या. शफीकभाईंनी नंबराची चूक कबूल केली, तर साहेबांना ती थाप वाटली. शेवटी त्या दोनशे बारांपैकी एका घरी जाऊन विचारायचं ठरलं.

भर दुपारी आम्ही चौघं पार्बताबाईंच्या दारात उभे राहिलो. अनीसा त्या गावात कधीच गेलेली नव्हती. माहिती लिहून घ्यायला कोण आलं होतं, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी अनीसाकडे बराच वेळ पाहिलं.

"हेच पोरगी. इथंच बसली होती माह्याजवळ."

शेजारणीनेही तिच्याकडेच बोट दाखवलं.

"नाही बाई, ते शकुन होती," शफीकभाई म्हणाले. "ते गेली."

पार्बताबाईंनी ऐकलंच नाही. त्या अनीसाला विचारत होत्या, तुही माय बरी आहे ना आता.

साहेबांचं समाधान झालं. फॉर्म खरे ठरले, साहेबांच्या अहवालात त्यांवर अनीसाचं नाव कायम झालं. घरं वाचली आणि शकुन पुसली गेली. पुन्हा तोंड उघडलं तर सगळंच जाईल म्हणून शफीकभाई गप्प बसले. मीही गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शफीकभाईंनी अनीसाला नवा नंबर दिला. शकुनचं नाव पुन्हा घातलं, फक्त सर्व्हरमध्ये. शेअरिंगच्या यादीत घातलं नाही, म्हणजे त्या नावाने कुणी आत येणार नव्हतं. मग एकेक फाईल तिच्या नावावर परत केली. काम संपल्यावर त्यांनी अनीसाला सांगितलं, आता तुझ्याकडे तिचं काही राहिलं नाही.

अनीसा रडवेली झाली होती.

"फायली काढल्या, बरं केलं भाई. पण आपण दारातूनच वापस आलो, तरी त्या बाईच्या घरी पाण्याचा माठ कुठं असते, तिचं लहानगं कोणत्या कोपऱ्यात झोपते, हे मले माहीत आहे. ते कुठून काढता?"