मामे दुफीची करंगळी

मान जोडायची वेळ आली की मास्टर बोआतेनला तहान लागायची. फोटोच्या दुकानात पाण्याची बादली भरलेली असे, पण त्याला पाणी हवं असायचं ते कोपऱ्यापलीकडच्या नळाचं, आणि ते आणायला एकटा शिकाऊ पुरत नसे. सगळ्यांना पाठवायचा. ते परत येईपर्यंत कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या मुंडक्याला धड चिकटलेलं असे, सांधा शोधूनही सापडत नसे, आणि मास्टर त्या पाण्याला तोंडसुद्धा लावत नसे.

घानातल्या आमच्या कुमासीत फोटोवाल्यांच्या चुली मयतांवर पेटतात. जिवंतपणी माणूस धड फोटो काढून घेत नाही. घरात असतो तो ओळखपत्रावरचा, पोलिसाने पकडल्यासारखा चेहरा. मेल्यावर मात्र त्याला केंटेचं रंगीत विणीचं वस्त्र नेसवून, उंच पाठीच्या खुर्चीत बसवून चौकाचौकात फलकावर टांगायचं असतं. तरुण गेला तर वर लिहायचं 'केवढा हा धक्का', म्हातारा गेला तर 'देवाघरचं बोलावणं'. मुंडकं त्याचं, धड दुसऱ्याचं. पथ्य एकच, धड जिवंत माणसाचं नको. जिवंताला मयताच्या फलकावर चढवलं तर ते बोलावणं त्याच्याच दारात येतं, असं आम्ही मानतो. म्हणून प्रत्येक मास्टरकडे केव्हाच मातीआड झालेल्या लोकांची धडं जपून ठेवलेली असतात.

क्वाबेना द्वोमोने बोआतेनच्या दुकानात चार वर्षं पाणी वाहिलं. शेवटी रीतीप्रमाणे मास्टरने त्याला लोकांसमोर स्टुलावर बसवलं, डोक्यावर पांढऱ्या पावडरीचा डबा उपडा केला आणि 'आजपासून हा मोकळा' म्हणून जाहीर केलं. पावडर कानात गेली, नाकात गेली. मानेचं काम तेवढं डोक्यात गेलं नव्हतं, कारण बोआतेनने त्याबद्दल कधी ताकास तूर लागू दिली नाही. द्वोमोने पुढे ते एकट्याने शोधून काढलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खात. एका विधवेने तर फलक त्याच्या तोंडावर फेकला होता. माझा नवरा फाशी दिल्यासारखा दिसतोय, म्हणाली.

ताफोला स्वतःचा स्टुडिओ टाकला तेव्हा द्वोमोने मनाशी एकच गोष्ट ठरवली. आपण कुणाला पाण्याला पाठवायचं नाही.

आणि नाही पाठवलं. सोमवारी धंदा थंड असतो, त्या दिवशी तो दार उघडं टाकायचा. कॅमेरा असलेले यायचे, नुसता फोन असलेले यायचे, एकदा एक पाद्री आला, एकदा एक बेकरीवाला. हनुवटीची सावली आधी टाका, रंग मागून, असं तो सांगायचा. आपल्या कातडीतली सावली काळी नसते, तांबूस असते, काळी ओतलीत तर माणूस दोनदा मरतो. हे तो कितीदाही सांगायचा, न कंटाळता, न चिडता. शेजारचे फोटोवाले त्याच्यावर खवळले होते. आपल्याच ताटातलं उचलून दुसऱ्यांना वाढतोय मूर्ख, म्हणायचे. द्वोमो हसायचा. विद्या दिल्याने वाढते, हे त्याला खरंच वाटत होतं. अशी माणसं असतात, आणि त्यांचं काय होतं तेच सांगायला मी बसलोय.

शिकायला काहीतरी धड लागतं. जुन्या मयतांचे फोटो अंधुक, पिवळे पडलेले. त्यांच्यावर हात कसा बसणार? द्वोमोकडे एकच फोटो असा होता की त्यात मानेची घडी न् घडी दिसावी. तो त्याच्या आईचा होता.

मामे दुफी, मामे म्हणजे आमच्याकडे आई, तिने उभा जन्म बाजारात यामचे कंद विकले. याम चिरता चिरता एकदा सुरा डाव्या करंगळीच्या शिरेत गेला आणि करंगळी आकड्यासारखी वाकली ती वाकलीच. सत्तरीला तिने बाजार सोडला. त्या दिवशी आयुष्यभराच्या पुंजीतून विणून घेतलेलं केंटे नेसून ती सकाळीच स्टुडिओत येऊन बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. द्वोमोने तिचा डावा हात उजव्याखाली सरकवायचा प्रयत्न केला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"बोट लपवू नकोस. याच बोटानं तुला वाढवलंय."

खिडकीतल्या उजेडात काढलेला तो फोटो द्वोमोच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. त्यातलं आईचं मुंडकं काढून बाकीचं त्याने शिकाऊंना दिलं. फक्त सरावाला, आपापली तोंडं लावून बघा, असं दहादा बजावलं. आईला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, आपलीच आई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी ते त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शिकाऊंमध्ये किंग्सली सगळ्यात चलाख. त्याचा हात तीन सोमवारांत बसला. मग तोही दुसऱ्यांना शिकवू लागला, फोनवरच्या गटांमधून, कारण मास्टरचा कित्ता होता. शिकवताना धडही पाठवलं. ते या गटातून त्या गटात गेलं, आणि ज्यांनी द्वोमोचं बजावणं ऐकलंच नव्हतं त्यांच्या हातात पडलं.

एका रविवारी मामे दुफी चर्चहून येताना मामपोंग रस्त्याच्या चौकात थांबली. तिच्याबरोबर तिची बाजारातली जन्माची सोबतीण अफिया बोन्सू होती. दोघी बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. मग दुफी एकटी लेकाच्या स्टुडिओत आली आणि फोटो काढायच्या स्टुलावर बसली.

"क्वाबेना, मी कधी गेले रे?"

द्वोमोला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

"चौकात माझा फलक लागलाय," ती म्हणाली. "तोंड कुण्या दुसरीचं आहे. बाकी मानेखाली सगळी मीच. बोटसुद्धा माझंच. जा, बघून ये."

तो गेला. बघितलं. मानेचं काम उत्तम झालं होतं, आधी हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटत राहिली.

मयताच्या घरच्यांच्या हातापाया पडून त्याने तो फलक उतरवला. दुफीचा भाऊ वोफा अग्येकुम, वोफा म्हणजे मामा, कुळाचा वडीलधारा. त्याने अंगणात दारू ओतून पितरांना समजावलं की ही बाई अजून इथलीच आहे, चुकून बोलावणं झालंय. दुफीला अंडी घातलेलं एतो, म्हणजे यामचा कुस्करा, खाऊ घातलं, बिथरलेला आत्मा जागेवर बसावा म्हणून. तिने ते मुकाट्याने खाल्लं, आणि मीठ कमी आहे म्हणाली.

किंग्सलीला बोलावून घेतलं तर त्याने मान खाली घातली, पण गप्प बसला नाही.

"मास्टर, मी मयताच्या फलकाला नाही वापरलं. मी फक्त पुढं दिलं. लपवायचं नाही, हे तुम्हीच सांगत होतात."

आपलेच दात, आपलेच ओठ.

एक फलक उतरवता येतो. पण त्या वर्षी एजिसूला लागला, ओबुआसीला लागला, कॅथलिक चर्चच्या भिंतीवर एकाच शनिवारी दोन लागले, एकमेकींशेजारी, दोन वेगळ्या बायका आणि वाकडी करंगळी दोघींची. ज्याला त्याला तेच धड हवं होतं. उजेड चांगला, केंटे भारी, आणि बसणं कसं राणीसारखं. एकालाही ते बोट सरळ करावंसं वाटलं नाही, एवढी घाई.

दुफी पहिल्यांदा हसण्यावारी न्यायची. लेक घरी आला की विचारायची, "आज कुठं मेले मी?" मग हळूहळू विचारेनाशी झाली. चर्चला जायची ती पडक्या गोदामामागच्या गल्लीतून, जिथे फलक लावायला भिंत नाही. केंटे पेटीत गेलं ते पुन्हा निघालं नाही. अनोळखी माणसं तिच्या हाताकडे बघून थबकायची, आणि एकदा बाजारात एक पोरगी तिला बघून रडतच पळाली, कारण तिच्या आजीच्या फलकावर तोच हात होता. तेव्हापासून म्हातारी डावा हात पदराखाली ठेवू लागली. ज्या बोटाने लेकाला वाढवलं ते बोट तिने सत्तरीनंतर लपवायला सुरुवात केली. मला विचाराल तर ती तेव्हाच गेली. लोकांना कळायला आणखी दीड वर्ष लागलं एवढंच.

द्वोमोने सोमवार बंद केले नाहीत. हट्टी होता. विद्येचा काय दोष, दोष हलगर्जीपणाचा, असं तो स्वतःला समजावत राहिला. फक्त शिकवताना आता त्याचा आवाज बसलेला असायचा.

हरमाटन वाऱ्याची धूळ सुरू झाली आणि मामे दुफी गेली, झोपेत. आमच्याकडे मयत लेकरांचं नसतं, आईच्या कुळाचं असतं. फलक कसा, जेवण काय, रडायचं किती, सगळं कुळ ठरवतं. तरी द्वोमोने कुणाला न विचारता खिडकीतल्या उजेडातला तो जुना फोटो बाहेर काढला. त्याच्या मनात दुसरा फोटोच नव्हता. कसलंही काम त्यात करायचं नव्हतं, मुंडकं तिचं, धड तिचं, मान देवाने जोडलेली. छापून तो मामाकडे घेऊन गेला.

वोफा अग्येकुमने फलक हातभर लांब धरून बघितला आणि खाली ठेवला.

"हे नाही चालणार."

"मामा, हे तिचंच आहे."

"मला माहीत आहे रे बाबा. मी तिचा सख्खा भाऊ. पण हे धड अख्ख्या अशांती मुलखात टांगून झालंय. उद्या लोक काय म्हणतील? फोटोवाला लेक, आणि आईलासुद्धा तेच उष्टं धड लावलं. आता मी काय चौकात उभा राहून एकेकाला सांगत बसू, की बाबांनो, हे खरं आहे?"

द्वोमो मामाशी तासभर भांडला. तो कधी भांडल्याचं कुळात कुणाला आठवत नव्हतं. म्हातारा ऐकून घेत राहिला, आणि शेवटी एवढंच म्हणाला की तुझ्या दुकानातून बाहेर पडलेली गोष्ट आहे, आमच्या नाही. द्वोमोने छापलेला फलक काखेत मारला आणि निघाला.

सोमवारी दुपारी शिकाऊ नेहमीसारखे जमले होते. मास्टरच्या आईचं काम म्हणून सगळे आदबीने भिंतीला टेकून बसले. किंग्सलीही आला होता. आता त्याची बान्तामाला दोन दुकानं आहेत, तरी येताना तो नव्या धडांचा साठा घेऊन आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की यातलं एकही अजून कुमासीत लागलेलं नाही. त्याला खरंच मदत करायची होती, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. द्वोमोने त्यातलं एक निवडलं. निळं केंटे, लठ्ठ दंड, गुडघ्यांवर नीट ठेवलेले दोन हात. मग खिडकीतल्या उजेडात काढलेल्या त्या फोटोतून त्याने आईचं मुंडकं दुसऱ्यांदा वेगळं केलं आणि या परक्या बाईच्या खांद्यांवर आणून ठेवलं.

शिकाऊ पुढे सरकले. हनुवटीची सावली आता टाकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकीने वही उघडली.

द्वोमोने माउसवरचा हात उचलला.

"मला पाणी हवंय," तो म्हणाला.

एकीने बादलीतलं पाणी ग्लासात ओतून आणलं.

"हे नको. कोपऱ्यापलीकडच्या नळाचं. सगळेच जा."

कुणाला काही समजलं नाही, पण मास्टर बोलला म्हणून सगळे उठले. किंग्सली दाराशी घुटमळला. बोआतेनच्या तहानेची गोष्ट त्याने द्वोमोकडूनच कितीदा हसत हसत ऐकली होती. त्याने मास्टरच्या पाठीकडे बघितलं, आणि मग तोही निघून गेला. ते परत आले तेव्हा मान जोडून झाली होती. द्वोमोने ग्लासाला हात लावला नाही. पुढच्या सोमवारी स्टुडिओचं दार उघडलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

शनिवारी मयताला मोठी गर्दी झाली. काळे-तांबडे कपडे, भाड्याच्या खुर्च्या, कर्ण्यावर रडणं. फलकाचं सगळ्यांनी कौतुक केलं. काय हुबेहूब आलीय, म्हणाले. आता बोलेल असं वाटतंय, म्हणाले. वोफा अग्येकुमने भाच्याच्या पाठीवर हात ठेवून मान डोलावली. द्वोमो येईल त्याच्याशी हस्तांदोलन करत होता.

दुपारी गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा अफिया बोन्सू काठी टेकत फलकापाशी आली. चेहऱ्याकडे तिने एकदाच बघितलं. मग वाकून, नाक कापडाला लागेल इतकी वाकून, ती गुडघ्यांवरचे हात बघत राहिली. डाव्या हाताच्या करंगळीवरून तिने अंगठा फिरवला. करंगळी सरळ होती.

"क्वाबेना," ती म्हणाली, "हे हात कुणाचे?"

त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

"कुणाकडनं आणलेस, विचारतेय. जिवंत तर नाही ना ती बाई?"

द्वोमोला माहीत नव्हतं.