छत्रीचं काळं कापड

महिन्यापूर्वी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप आला, 'लॅबमध्ये चहा करणाऱ्या वत्सलामावशी सुदुंबऱ्याला वारल्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग. आधी रडू आलं, मग डोकंच फिरलं. अरे, कसला चहा? लोणावळ्याच्या त्या प्रयोगशाळेत मावशी डीएनए रंगवायच्या! कामाच्या टेबलावर कुणाचा कप दिसला तर त्याची खरडपट्टी काढायच्या.

हुद्दा शिपायाचा, हे खरं. पण डीएनए नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पारदर्शक वडीत तो कुठं आहे हे कळायला त्याला चिकटणारा रंग घालावा लागतो, मग निळ्या दिव्याखाली हिरव्या रेघा उजळतात. उजेड लागला की हा रंग फिका पडतो. म्हणून मावशींनी स्वतःच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवून, दुहेरी शिवून ट्रेवर घालायला झाकण केलं होतं. रंग किती घ्यायचा, ट्रे किती वेळ हलवायचा, सगळं त्यांच्या हातात बसलेलं.

माझ्या पीएचडीच्या वेळी इंद्रायणी भाताचे शेवटचे नमुने होते. वडी दिव्याखाली धरली, तर कोरी! माझ्या पद्धतीत वडी ओततानाच त्यात रंग घालायचा असतो, तो मी विसरले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख, माझे सर मात्र मावशींवर घसरले, "रंगाची बाटली उजेडात उघडी ठेवलीत ना?" मला सगळं ठाऊक होतं... आणि मी गप्प बसले.

सर गेल्यावर मावशींनी हातमोजे चढवले. "रडतीस कशाला पोरी? डीएनए कुटं पळून न्हाई गेला, हितंच हाय. तू रंग घालायची इसरलीस." वडी रंगाच्या पाण्यात ठेवून त्यांनी वर कापड टाकलं. अर्ध्या तासानं लख्ख रेघा उमटल्या. "आता सरास्नी सांग, बाटली बंदच व्हती."

"सांगते, मावशी."

नाही सांगितलं. पुढच्याच आठवड्यात सरांनी त्यांना रंगाच्या खोलीतून काढून चहाला लावलं. त्या रेघांचा फोटो माझ्या प्रबंधात पानभर आहे. ऋणनिर्देशात सर आहेत, सासूबाई आहेत, झेरॉक्सवाला आहे. मावशी नाहीत. ग्रुपवर मी कुणावर चिडणार? तो निरोप मीच खरा करून ठेवला होता.

परवा लोणावळ्याला जाऊन सरांना सांगितलं, "बाटली बंद होती, सर. रंग मी विसरले होते."

सर हसले. "कुठली बाटली?"

मी संतापानं उठले. तशीच रंगाच्या खोलीत गेले. ट्रेवर तेच काळं कापड होतं, आणि मावशींचा एक टाकाही उसवला नव्हता.