बल्ब चालूच होता

“लग्न नात्यातलं आहे का?” पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, “व्हय. माझ्या सख्ख्या भावाची पोरगी केली. घरातली घरात.” सांगताना मान ताठ होती तिची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि माझी सासू. आमच्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच समजतात, त्यात लपवायचं काय?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्या लेकीच्या, गौरीच्या रक्ताचा रिपोर्ट पुढं ओढला आणि आजाराचं नाव सांगितलं, अशर सिंड्रोम. यात मूल जन्मापासून बहिरं असतं आणि पुढं डोळ्यांचा पडदाही हळूहळू निकामी होत जातो. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, मधलं सगळ्यात शेवटी. आज तरी यावर खात्रीचं औषध नाही. गौरी तेव्हा आठ वर्षांची होती, खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

बहिरी आहे हे आम्हाला माहीतच होतं. तिसऱ्या वर्षी तिचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं होतं, म्हणजे कानामागं ऑपरेशन करून आवाज थेट ऐकायच्या नसेपर्यंत पोचवणारं यंत्र बसवलं होतं. त्यानंतर रोज तासभर बोलायचा सराव. पोरगी बोलायला लागली, शाळेत गेली, आणि मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या लेकरांची वजनं घेते, कुणाचं कुठं अडतंय ते त्यांच्या आयांना सांगते. आणि माझी स्वतःची लेक दोन वर्षांची होईपर्यंत धड चालली नाही, तर मी म्हणत राहिले, जड अंगाची आहे. मॅडम म्हणाल्या, तोल कानातूनच सांभाळला जातो, तेही याच आजारात येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढं ती दारात ठेचकाळायची, ताटावर पाय द्यायची. संध्याकाळ झाली की बोलणंच बंद करायची. मला वाटायचं, हट्टी झालीय. खरं म्हणजे ती कानाइतकीच आमच्या ओठांवर विसंबून होती आणि दिवस मावळला की तिला ओठ दिसत नव्हते. एकदा दुधाच्या भरल्या बादलीत तिचा पाय गेला. “डोळे फुटले का गं तुझे?” म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. तुमचं लेकरू सारखं धडपडत असेल तर आधी डोळे तपासा, हात मग उचला.

रिपोर्टच्या आधी नजरेचा घेर मोजायची फील्ड टेस्ट झाली होती. गौरीनं एका पांढऱ्या खोलगट यंत्रात बघायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला बाजूच्या कॉम्प्युटरवर दिसत होतं. मधले ठिपके आले, तिनं दाबलं. कडेचे आले, पोरगी शांत. मी मनात म्हणत होते, दाब गं बाई, दाब. शेवटी कागदावर मध्ये एक पांढरं वर्तुळ आलं आणि भोवती सगळं काळं.

मॅडमनी पुढचं समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. माझ्याकडे आणि गौरीच्या पप्पांकडे एकेक बिघडलेली होती, गौरीला नेमक्या त्या दोन्ही आल्या. “घरात पुन्हा नात्यातलं लग्न ठरत असेल, तर आधी दोघांचं रक्त तपासा,” त्या म्हणाल्या.

माझी धाकटी बहीण रूपाली आणि माझा धाकटा दीर गणेश यांचा साखरपुडा आठ दिवसांवर होता.

नगरच्या वाटेवर गाडीत आत्या म्हणाली, “घरी ह्यातलं काय बी बोलायचं न्हाई. मी दादाला शबुद दिलाय.”

“आणि रूपालीच्या पोटी असंच लेकरू आलं तर?”

“येईलच असं कुठं म्हनली ती बाई?”

तेही खरं होतं, म्हणून जास्त भीती वाटत होती. गौरीचे पप्पा खिडकीबाहेर बघत होते. घरी गेल्यावर मला म्हणाले, “आईचं मन मोडू नकोस.” मी म्हटलं, मन मोडलं तर सांधता येतं. पण वडिलांना फोन करायचा माझाही धीर होत नव्हता. ज्या घरात नांदायचं, तिथंच विस्तव पेरायचा? पाच दिवस गेले. साड्या आल्या, पाहुण्यांना सांगून झालं. रूपाली फोनवर मेंदीचं विचारायची आणि मी हं हं करत राहायची.

सहाव्या दिवशी दिवेलागणीला आत्या गोठ्यात धार काढत होती. मी दारात दुसरी बादली घेऊन उभी होते. गौरी आजीला शोधत आत आली आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबली. हात पुढं करून चाचपडायला लागली.

“आजी, लाइट लाव ना,” ती म्हणाली.

बल्ब चालूच होता. आत्यानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, मग गौरीकडं. धारेची बादली तिनं बाजूला सरकवली. मग गौरीला ओढून मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, “मने, दादाला फोन लाव.”

फोनवर ती एवढंच बोलली. “दादा, साखरपुडा थांबव. दोघांचं रगत तपासायचं हाय. कुनी इचारलं तर माझं नाव सांग, पोरींवर बोल येऊ देऊ नको.” तिकडून वडील ओरडत होते ते मला ऐकू येत होतं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

दीड महिन्यानं रिपोर्ट आले. रूपाली आणि गणेश, दोघांकडेही तीच बिघडलेली प्रत निघाली. लग्न मोडलं. वडील वर्षभर आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. आता भावकीत कुठं सोयरीक जुळायला लागली की आत्या रक्ताचं विचारते. लोक हसतात, ती विचारायची थांबत नाही. तिचे उपकार मी फेडू शकत नाही.

गौरी आता अकरा वर्षांची आहे. पायऱ्यांच्या कडा आम्ही पिवळ्या रंगवल्यात, घरातली वस्तू जागची हलवत नाही. दुसऱ्या कानालाही यंत्र बसवलंय, ब्रेल सुरू केलंय. तिला सगळं सांगितलंय. लपवू नका, लेकरांना आपल्याआधी कळलेलं असतं.

रूपालीचं लग्न पारनेरकडं झालं. गेल्या महिन्यात ती बाळाला घेऊन आली. त्यानं खुळखुळ्याच्या आवाजाकडं मान वळवली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

गौरीनं त्याला मांडीवर मागितलं. तिला आता एकदम सगळं दिसत नाही, थोडं थोडं बघावं लागतं. तिनं आधी त्याचं कपाळ बघितलं, मग एक कान, मग दुसरा. हाताची बोटं एकेक करून बघितली, मग पायाची.

“झालं,” गौरी म्हणाली. “आता मला हा पाठ झाला.”