दहा मिनिटं पुढचा देश

आमच्या नेपाळच्या सहलीचे फोटो मोजून अकरा आहेत. किस्से मात्र अजून संपत नाहीत. पाहुणे आले की मी अल्बम काढते आणि पहिल्या पानावरच आमची गाडी अडते, कारण निम्मे किस्से पहिल्याच दिवसाचे आणि त्या दिवसाचा फोटो एकही नाही. फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही.

सत्तरच्या दशकातला मे महिना. हे सांगलीत हायस्कूलवर मास्तर. नेपाळला पासपोर्ट लागत नाही असं ह्यांना शाळेतल्या कुणीतरी सांगितलं आणि परदेश एकदम आवाक्यात आला. आम्ही दोघं, सात वर्षांची मंजू, चार वर्षांचा दीपू आणि माझे थोरले दीर. दीर लष्करातून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आष्ट्याला ऊस बघायचे. सगळं घर त्यांना आप्पा म्हणायचं. भाषेची अडचण नको म्हणून त्यांना बरोबर घेतलं. आप्पांना पलटणीतलं हिंदी यायचं.

मिरजेहून निघाल्यावर तीन रात्री रेल्वेत गेल्या. आप्पा तिन्ही रात्री सामानावर बसून जागे होते. झोपा म्हटलं तर म्हणायचे, "आमाला सवय हाय."

*

सरहद्दीवरच्या रक्सौलला उतरून टांगा केला. मंजूने वर्गात सगळ्यांना परदेशी जाणार म्हणून सांगितलेलं. ती सारखी विचारत होती, परदेश कुठून सुरू होतो? टांगेवाल्याने एका पुलाच्या कमानीकडे चाबूक दाखवला. तीच दुकानं, तोच चिखल, त्याच म्हशी. मंजूचा चेहरा पडला.

आप्पांनी टांगा थांबवला, तिला खाली उतरवलं आणि म्हणाले, "एक पाय हिकडं ठेव, एक पाय तिकडं. आता तू दोन देशात हायस."

तेवढ्यात पहाऱ्यावरच्या शिपायाने जोरात शिट्टी वाजवली. मंजू घाबरून पळाली ती नेमकी नेपाळच्या बाजूला, आणि आम्ही बाकीचे अजून भारतात. टांगा पुढे जाईपर्यंत ती एकटी रस्त्याच्या कडेला उभी होती. एवढीशीच गोष्ट, पण त्यानंतर मी तिचा हात सोडला नाही.

*

तपासणी नाक्यावर आमची ट्रंक उघडली. कपड्यांच्या तळाशी फडक्यात गच्च बांधलेला एक डबा निघाला. "यह क्या है?" अंमलदाराने विचारलं.

जाऊबाईंनी घरी कुटून दिलेला कांदा-लसूण मसाला होता तो. ह्यांनी शुद्ध हिंदीत समजावायला घेतलं. जितकं समजावलं तितका त्याचा संशय वाढला. त्याने आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. बाहेर काठमांडूची बस सुटायची वेळ होत आलेली. मुलं भुकेली. शेवटी त्याने गाठ सोडली, झाकण काढलं आणि आप्पा "साब, धीरे" म्हणेपर्यंत भरपूर हुंगलं.

पुढची पाच मिनिटं तो शिंकत होता. त्याचा हवालदार ट्रंकेवर खडूने खूण करून म्हणाला, "जाइए, जल्दी जाइए."

*

वीरगंजला बस मिळाली. कंडक्टरने नऊला सुटणार असं सांगितलं. दीपूला दूध हवं होतं, पण तोवर तो आप्पांच्या मांडीवर झोपून गेला. ह्यांचं घड्याळ सांगलीहून निघताना रेडिओला लावलेलं, सेकंदाला पक्कं. पाऊण तास... नाही, वीसच मिनिटं हातात होती. मी, हे आणि मंजू दूध शोधायला उतरलो. दीपूजवळ आप्पा होतेच.

परत आलो तेव्हा ह्यांच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. बसच्या जागी धुरळा होता.

मी जागा चुकली म्हणून इकडेतिकडे पळाले. चहावाल्याने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. नऊ वाजून पाच मिनिटं. नेपाळचं घड्याळ त्या काळी भारतापेक्षा दहा मिनिटं पुढे असायचं, तेच तो सांगत होता. आमच्या सीटांवर होल्डॉल आणि पिशव्या रचलेल्या. जागा भरल्यात असं समजून कंडक्टरने घंटी दिली असणार.

आप्पांनी बस थांबवली कशी नाही, हेच आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं. हातातलं दूध मी सांडलं की कुणाला दिलं, मला आजही आठवत नाही.

*

चहावाल्यानेच आम्हाला एका ट्रकमध्ये बसवलं. बस हेटौड्याला जेवायला थांबेल, तिथे गाठा म्हणाला. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट जंगल. मंजूने एकदाच विचारलं, "दीपूला आपण आठवू ना?" मी तिला गप्प बस म्हटलं. तो शब्द मला अजून टोचतो.

मधे एका चौकीवर बांबू आडवा होता. ड्रायव्हर कागद घेऊन आत गेला तो येईचना. आमचे हे म्हणजे शाळेत प्रार्थनेला ओळ वाकडी झालेलीही खपवून न घेणारा माणूस. ते खाली उतरले, सरळ चालत गेले आणि दोन्ही हातांनी बांबू वर उचलायला लागले. शिपाई बंदूक घेऊन धावत आला. मी डोळे मिटले.

ह्यांचं सगळं शुद्ध हिंदी संपलेलं होतं. नुसतं म्हणाले, "बच्चा. मेरा बच्चा आगे गया."

शिपायाने केबिनमध्ये मला पाहिलं, मंजूला पाहिलं. मग त्याने बंदूक खांद्याला अडकवली आणि ह्यांच्या हाताला हात लावून बांबू वर ढकलला.

*

हेटौड्याला बस उभी होती. जेवणं होऊन उतारू रस्त्यावर घोळका करून उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला. बसच्या पुढच्या चाकाला पाठ लावून आप्पा जमिनीवर बसले होते, पाय पसरून, टोपी नीट घालून. बस हलवायची तर माझ्यावरून न्या, असं त्यांनी पलटणीच्या हिंदीत सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ तिथे सगळ्यांना कळला होता.

दीपू एका म्हाताऱ्या नेपाळी बाईच्या मांडीवर पोहे खात होता. मला बघून म्हणाला, "आई, तू कुठं गेलीवतीस?" मी त्याला इतकं आवळलं की तो रडायला लागला.

आप्पा उठले, पण पुढे आले नाहीत. मीच त्यांच्याजवळ गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शालन, पहाऱ्यावर झोप लागली बघ मला." मला राग आलेला होता, खोटं कशाला बोलू. पण तीन रात्री हा माणूस आमच्यासाठी जागला होता, हे मला तिथे उभं राहून आठवलं.

*

पुढे घाट. एका बाजूला दरी, वळणावर वळण. मंजूला उलट्या झाल्या, ह्यांनी डोळे मिटून घेतले. आप्पा मात्र सरळ ताठ बसून राहिले. दीपूला मांडीवर घ्या म्हटलं तर नको म्हणाले. दीपूच थोड्या वेळाने माझ्याकडून घसरत त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या शर्टाचं बटण धरून झोपला. आप्पांनी त्याला हात लावायला बराच वेळ घेतला.

दिवेलागणीला काठमांडूत पोचलो. लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर उघडलं आणि विचारलं, कितने लोग?

हे बोलणार तेवढ्यात आप्पा पुढे झाले. त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. आधी दीपूच्या, मग मंजूच्या, मग ह्यांच्या, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याही.

"चार," ते म्हणाले.

मंजू म्हणाली, "आप्पा, तुम्ही राहिलात की."

"माझं असू दे गं," आप्पा म्हणाले, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागले.