वाल का रुसले

ठाण्याच्या बाजारात वाल विकणाऱ्या एका बाईने माझी चाकरी वाचवली. रागाच्या भरात तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

इंग्रजी तिसरीतून शाळा सोडून मी रत्नागिरीहून आलेलो, एका अमेरिकन मडमेकडे स्वयंपाकाला लागलेलो. तिच्या मॅसॅच्युसेट्स मुलखात म्हणे शनिवारी घरोघरी घेवड्याचे दाणे काकवी घालून मडक्यात दिवसभर मंद शिजवतात. तसा घेवडा मिळेना, म्हणून मी वाल घेतले. दोन शनिवार ते खड्यासारखे कडक राहिले. तिसऱ्यांदा तसंच झालं तर गावाला परत जा, असं मडमेने बजावलं.

"तुझे वाल जून आहेत," मी त्या बाईवर खेकसलो.

तिने एक दाणा उचलून नखाने सावकाश दाबून पाहिला. "मोड काढलंस?"

"मडमेला मोड नकोत!"

"सोललंस तरी?"

"सालासकट खाते ती!"

"अगं बाय माझे!" पदर तोंडाला लावून ती हसली. मग शेजारणीला बोलावून, तिला सगळं सांगून पुन्हा हसली. माझं डोकं तापलं.

"न् काकवी कवा घालतंस?"

"पहिल्यांदाच, वालाबरोबर."

"मग वाल रुसनार नाय तं काय! आधी नुसत्या पान्यात मऊ कर. तवर गोडाचं नाव नको काढूस, पोरा."

त्या शनिवारी मडमेने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बाईला सांगायला धावलो, तर तिची जागा रिकामी. ती मिठागरावर कामाला गेली, असं कळलं. कधीतरी गाठ पडेलच. तेव्हा मडमेचा तो पदार्थ मडकं भरून तिच्या दारात नेऊन ठेवीन.