लसणाचं तेल
तेलात लसूण तडतडला की मला थंडीतली ती दुपार आठवते. धाकट्या भावाला फौजेच्या ट्रेनिंगमधून घरी पाठवलं होतं. कानाच्या पडद्याला भोक आहे, तेही भरतीच्या आधीचं, म्हणून. त्याने अपील केलं. भोक बुजत आलं होतं. देवळालीच्या लष्करी दवाखान्यात फेरतपासणी होती, म्हणून आदल्या दिवशी तो नाशिकला माझ्याकडे उतरला. “ताई, कान कोरडा पाहिजे बरं. महिना झाला, डोक्यावरून पाणी नाय घेतलं,” म्हणाला आणि गॅलरीतल्या उन्हात झोपला. झोपेत सारखा कानाशी हात नेत होता. मला वाटलं, ठणकतोय. मनाई पाण्याची, तेलाची कुठे? आई करायची तसं लसणाचं तेल कोमट केलं आणि थेंब थेंब कानात सोडलं. पिवळं ऊन त्याच्या गालावर हलत होतं. डोळे न उघडताच तो हसला. “आई, अजून थोडं,” म्हणाला. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सकाळी कान वाहत होता. त्याने उशीचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात मी पडद्याबाहेर उभी होते. “कान में तेल किसने डाला?” डॉक्टरांनी विचारलं. “मैंने ही, सर,” आतून भावाचा आवाज आला. अपील तिथेच संपलं. मी तेव्हा गप्प राहिले, नंतरही. आता तो सिन्नरला कारखान्यात आहे. भाऊबीजेला येतो तेव्हा चांगला कान माझ्याकडे होईल असा बसतो. मी म्हणते, “चहा टाकू?”