कार्तिकीपर्यंतच्या मिरच्या

आषाढ अमावस्या, रविवार, दहिसर. घरी हजर: सासूबाई, माझा नवरा, धाकटा दीर आणि मी.

दीर प्रवासी बोटीवर स्वयंपाकी आहे. फेऱ्या कॅरिबियन बेटांच्या. सुट्टीवर आला की सासूबाई त्याला ओट्याजवळ फिरकू देत नाहीत. दमून आलायस, बस म्हणतात. त्यामुळे इतकी वर्षं परक्यांना रांधणाऱ्या या माणसाच्या हातचं त्याच्या आईने कधी खाल्लंच नव्हतं. या खेपेला त्याने ठरवलंच होतं. बोटीवर बोलावणाऱ्या एजंटचा फोन कधीही येणार, उद्यापासून श्रावण, म्हणजे आजच. सकाळपासून तो फोन उलटा ठेवायचा आणि परत सुलटा करून बघायचा.

मासेमारीबंदीचे दिवस, त्यामुळे सुरमई बर्फातली मिळाली. ती तव्यावर भाजायची आणि वर तिथला लसूण-मिरचीचा सॉस. मी लसूण मिक्सरमध्ये टाकायला निघाले तर त्याने भांडं काढून घेतलं. हे सुरीनेच बारीक चिरायचं. लसूण, मिरची, पातीचा कांदा, मीठ, तेल, वरून उकळतं पाणी, आणि झाकण. लिंबू शेवटी. तिथे याला कुत्र्याचा सॉस म्हणतात. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, वासाने चाळीतली सगळी कुत्री येतील बघ. मिरची आपलीच हिरवी घातली, म्हणून दीर कुरकुरत होता. तिथली मिरची गोल, फुगीर, तिला फळासारखा वास.

पहिलं ताट त्याने आईपुढे ठेवलं. सासूबाईंनी ते हळूच बाजूला सरकवलं.

"माका नको रे. लसूण सोडलंय मी."

त्याला वाटलं होतं, आईचा श्रावण उद्यापासून सुरू. तिने आषाढी एकादशीलाच सोडला होता, चार महिन्यांसाठी. तिची आमटी मी रोज वेगळी करत होते, पण दीर आल्यापासून मेडिकल आणि कागदपत्रांच्या मागे बाहेरच जेवत होता. आणि मला वाटलं, त्याला ठाऊक असेल.

"कित्याक पण? दरवर्षी तर इतक्या आधी सोडत नाहीस."

"तू बोटीर असतंस, म्हणान. तुझ्या जिवासाठी सोडलंय."

मी सुचवलं, लसणाशिवाय थोडा करू या का? तो म्हणाला, "नको वहिनी. मग तो हा नव्हे." सासूबाईंनी मात्र वाटी उचलून नाकाशी धरली, बराच वेळ, आणि कार्तिकी झाल्यावर खाईन म्हणाल्या. तोवर हा समुद्रात. आणि सॉस टिकणारा नाही, त्याच दिवशी खायचा.

जेवण उरकलं, पण तो घरभर फिरत राहिला. संध्याकाळी बॅगेतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. त्या गोल मिरचीच्या बिया.

"कार्तिकीला तू कर वहिनी. मी व्हिडिओ कॉलवर सांगतो. पण तिने माझ्यासमोर खायचं."

एजंटचा फोन आला आणि बुधवारी तो गेला.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. ही मिरची धरायला तीन-चार महिने लागतात असं तोच म्हणाला होता, म्हणजे आधीच उशीर झालाय. सासूबाई रोज सकाळी विचारतात, पेरलंस काय गो? कुंडी धुऊन गॅलरीत ठेवली आहे. पुडी चहाच्या डब्याशेजारी आहे. नवऱ्याला तीनदा सांगून झालं, हायवेच्या नर्सरीतली माती अजून आलेली नाही.